खुलासा : अमेरिकेच्या सोनेरी डॉलरमध्ये सोनं नाही

'राष्ट्राध्यक्षांचा चेहरा असलेलं अमेरिकेचं सोनेरी एक डॉलरचं नाणं घरात असेल तर ते सोन्याचं आहे. त्यावर वर्ष नसेल तर लाखो रुपये मिळतील,' असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

यूएस मिंटची (अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीची) ही मालिका २००७ ते २०१६ मध्ये निघाली, २०२० मध्ये थोरल्या बुशचं नाणं आलं. गाभा तांब्याचा, वरचा थर मँगनीज-पितळेचा. एकूण धातूत ८८.५ टक्के तांबं, ६ टक्के जस्त, ३.५ टक्के मँगनीज, २ टक्के निकेल. वापरात नाणं काळपट पडतं ते त्यामुळेच.

वर्ष आहे, पण कडेवर! नाणं उजेडात आडवं फिरवा, खोल कोरलेलं वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर दिसेल. कड वेगळ्या यंत्रात कोरतात, त्यामुळे अक्षरं उलटी दिसली तरी तो दोष नव्हे.

खरा दोष आहे तो २००७ च्या, जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा असलेल्या काही नाण्यांत: कड पूर्ण कोरी. संग्राहक त्याला जास्त पैसे देतात, पण अशी हजारो नाणी सापडली आहेत, लाखांची भाषा नको. कड घासून फसवणारेही असतात, नाणं ८.१ ग्रॅम भरतं का पाहा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सुट्ट्या पैशांत दिलेलं नाणं जरूर जपा. कमी खर्चात जमणारी इतकी देखणी मालिका क्वचितच मिळते. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका, आणि कुणी 'विकून देतो' म्हणत आगाऊ शुल्क मागितलं तर देऊ नका.