बिबट्या ‘लांब सोडून’ येण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एसीत बसून बिबट्याचं कौतुक सोपं असतं. पकडलेला बिबट्या लांबच्या जंगलात सोडला तर तुमचं काय जातं? रात्री पाणी धरायला तुम्ही येणार का? आणि भरपाईचं काय?’ अशी तुमची प्रतिक्रिया. मतभेद जरूर असावेत, पण हा सूर कशासाठी? माझी ओळखदेख नसताना मी कुठे बसते हे तुम्हीच ठरवून मोकळे झालात.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. येडगाव धरणाच्या पाण्यावर आमचा ऊस. वडील रात्री दारं धरायला निघाले की बॅटरी घेऊन मी मागे असायची. गोठ्यातली गाभण शेळी बिबट्याने नेली तेव्हा आई कशी रडली होती ते मी पाहिलंय. त्यामुळे ती भीती मला शिकवू नका.

आता ‘लांब सोडण्या’बद्दल. हा प्रयोग जुन्नरमध्येच झालाय. 2001 नंतर बिबटे धरधरून दूरच्या जंगलांत सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर परतीची वाट धरतं, आणि इथली रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतोच. कारण ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आडोसा आणि पाणी तिथेच मिळतं, वस्तीवर कुत्री असतात. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्रीच निघाली. कुत्र्यांच्या सातपट असलेल्या शेळ्या 11 टक्के. मादी विते तीही उसातच. शिकारीला जाताना पिल्लं सरीत दडवते आणि दीड-दोन वर्षं त्यांना सोबत वागवते. अशी मादी पकडून शंभर किलोमीटरवर सोडली तर मागच्या पिल्लांचं काय होईल, याचा विचार केलात का? ‘तुमचं काय जातं’ हे वाक्य मला लागलं ते यासाठी.

शेतीला लाइट रात्री मिळते म्हणून पाणीही रात्रीच धरावं लागतं, हा मुद्दा मात्र रास्त आहे. पंप चालवायला दिवसा थ्री-फेज वीज मिळालीच पाहिजे. त्यासाठी मोर्चा काढाल तर मी येईन. भरपाईचा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

तुमच्याकडे ऊसतोड सुरू होईल तेव्हा फडात बछडे दिसले तर उचलून घरी नेऊ नका. तोड थांबवा, वनखात्याला कळवा. बछडे त्याच जागी ठेवले तर मादी बहुतेक वेळा रात्री येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. आमच्या शेजारच्या फडात तसंच झालं होतं.