‘कॉमिकवाल्यांनी कार्डांत पडू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कॉमिकच्या लिलावघरांनी खेळाडूंची चित्रं असलेली, संग्राहक जमवतात ती कार्डंही विकायला घेतली त्यात मला काही वावगं दिसत नाही, ‘शेवटी प्लास्टिकच्या डबीत बंद केलेला कागदच तो’, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. तुमच्या मते हा निव्वळ हावरटपणा आहे. कार्डांच्या नादाने मार्व्हल या कॉमिक कंपनीचं काय झालं ते मी सोयीस्करपणे विसरलो. आणि ज्याला कॉमिक कळतं त्याला कार्ड कळेल असं मी गृहीत धरलं. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘तुमची स्वतःची कार्डं द्याल का त्यांच्याकडे?’ उत्तराला आठवडा लागला, कारण यातल्या एका मुद्द्यापुरतं मला माझंच वाक्य गिळावं लागतंय.

आधी मार्व्हल. तुम्ही म्हणता ते घडलंय. मार्व्हलने १९९२ मध्ये फ्लीअर ही कार्डं छापणारी कंपनी घेतली आणि १९९५ मध्ये स्कायबॉक्स ही तशीच दुसरी. मधेच ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलपटू संपावर गेले, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली, कार्डांचा धंदा बसला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण मार्व्हल कार्डं छापत होती. कर्ज काढून कारखाने विकत घ्यायचे, माल काढायचा, तो खपला नाही तर आपल्याच गळ्यात. शिवाय खुद्द कॉमिकचा बाजारही त्याच सुमारास आपटला होता. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती गेल्या होत्या; एवढ्या प्रती असलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? लिलावघराचं तसं नसतं. माल दुसऱ्याचा, लिलावघराचं फक्त कमिशन. कार्डाला बोली आली नाही तर ते मालकाकडे परत जातं. हां, मोठा संग्रह आपल्याकडेच यावा म्हणून काही जण मालकाला आगाऊ उचल देतात, तिथे मात्र हात पोळू शकतात.

हावरटपणाबद्दल फार बोलत नाही. धंदा आहे, करणारच. एका घरातून दोन्ही विकणं अशक्य नाही हे हेरिटेज या लिलावघराने दाखवलंय. मूळचं नाण्यांचं हे घर. त्यांनीच ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं, टॉप्स कंपनीने छापलेलं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक ६० लाख डॉलरला. पण विभाग वेगळे, माणसं वेगळी, हे त्यातलं मर्म. तेच मी मागच्या वेळी लिहायला विसरलो.

आता तुमचा तिसरा मुद्दा. इथे तुमचं बरोबर आहे.

‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक घ्या, १९७४ चा, वुल्व्हरिन या पात्राच्या आगमनामुळे महागलेला. कॉमिकवाला तो हातात घेतला की आधी पिना गंजल्यात का बघतो, मधलं पान सुटलंय का बघतो, आणि मग वाचकपत्रांचं पान उघडतो. तिथे एक छोटा ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापलेला असायचा. पोरं तो कात्रीने कापून वहीत चिकटवायची. कापलेला असला की पानाला चौकोनी भोक, आणि किंमत धाडकन खाली. म्हणजे कॉमिकवर कात्री चालली की वस्तू खराब होते आणि ते आंधळ्यालाही कळतं. कार्डाचं उलटं आहे. कार्डाच्या कडेवर पातं फिरवलं की झिजलेला कोपरा जातो, टोक अणकुचीदार होतं, कार्ड आधीपेक्षा देखणं दिसतं. कॉमिकवाल्याची नजर काय गेलंय ते शोधायला तयार झालेली असते. इथे शंका घ्यायची असते ती गरजेपेक्षा चांगलं दिसणाऱ्यावर.

मी स्वतः यात फसलोय. १९५० च्या दशकातलं एक बेसबॉल कार्ड मी एका विक्रेत्याकडून सुटंच घेतलं, कोपरे बघून भाळलो. घरी येऊन त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्डाला टेकवलं तर एक बाजू केसभर आखूड. भिंगाखाली जुन्या कार्डाच्या कडा मऊ, किंचित पिवळट, तंतू निघालेल्या. याची तेवढी एकच कड पांढरी आणि गुळगुळीत. वीस वर्षं कॉमिक बघत आलेला माणूस मी, आणि दुकानात हे दिसलं नाही.

‘मग ग्रेडिंग, म्हणजे वस्तू तपासून दहापैकी गुण देणं आणि डबीत बंद करणं, कशाला आहे?’ असं कोणी म्हणेल. पीएसए या कार्डांना ग्रेड देणाऱ्या कंपनीने १९९१ मध्ये डबीबंद केलेलं अगदी पहिलं कार्ड म्हणजे टी२०६ या जुन्या मालिकेतलं, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं. ८ चा ग्रेड मिळाला. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्याची कड आपणच कापली होती. स्वतःच्या लिलावांत खोट्या बोल्या लावून भाव चढवल्याचंही त्याने मान्य केलं. कार्डाच्या धंद्याला असाही इतिहास आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्याही प्रतिक्रियेत नाही. कॉमिकच्या जगात वाफ आणि दाब देऊन सुरकुत्या काढणं, म्हणजे प्रेसिंग, राजरोस चालतं; कॉमिकना ग्रेड देणारी सीजीसी ही कंपनी त्याला दुरुस्ती मानत नाही. रंग भरला, कागद जोडला तर मात्र जांभळं लेबल लागतं, पण ती प्रतही उघडपणे विकता येते. कार्डाची घडी अशी दाबून घालवली तर कार्डवाले त्याला छेडछाड म्हणतात, आणि ती ओळखू आली तर ग्रेडचा आकडा मिळत नाही. म्हणजे कॉमिक विभागातला माणूस अगदी सद्भावनेने एखाद्या मालकाला सांगेल, ‘ग्रेडिंगला पाठवण्याआधी जरा प्रेस करून घ्या’, आणि कार्डाचं वाटोळं होईल.

तेव्हा ‘शेवटी कागदच तो’ हे माझं वाक्य मागे घेतो. त्यांनी कार्डांत पडू नये, हे तुमचं म्हणणं मात्र मला अजून पटत नाही. पडावं, पण आलेलं खोकं उघडणारा माणूस कार्डातला हवा, आणि कॅटलॉगमध्ये त्याचं नाव हवं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कॉमिक देईन, उद्याच. कार्डं दोन-तीन लिलाव बघून मग. ते कापलेलं तर कोणालाच देता येणार नाही, ते माझ्या टेबलाच्या खणात भिंगाशेजारी पडून आहे.