पाचशे रुपयांत ‘शेनम्यू 4’ येत नसतो

परवा रात्री मामेभावाचा मेसेज आला, "दादा, मी दोन हजार टाकलोय, तू पण टाक की." आणि खाली तो फॉरवर्ड. गेले आठ-दहा दिवस बेळगावातल्या तीन ग्रुपांवर तो फिरतोय, मी बघून सोडून देत होतो. पण हा पोरगा उद्यमबागेत फौंड्रीत नाइट शिफ्ट करतो, दोन हजार त्याला सहज सुटत नाहीत, म्हणून आता लिहायलाच बसलो.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात. शेनम्यू 3, म्हणजे सेगा या जपानी कंपनीच्या जुन्या व्हिडिओ गेमचा तिसरा भाग, म्हणे पूर्ण फॅन्सच्या पैशातून झाला. आता चौथ्या भागासाठी एक लाख गेमरांनी पाचशे-पाचशे टाकले की झालं. सेगाला नुसती इच्छा नाही. पैसे टाकणाऱ्याला नफ्यात हिस्सा मिळणार. आणि शेवटी एक क्यूआर कोड.

आधी ते ‘पूर्ण फॅन्सच्या पैशातून’. 2015 च्या जूनमध्ये हा गेम बनवणाऱ्या यू सुझुकींनी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी जमवायच्या वेबसाइटवर, 20 लाख डॉलर मागितले आणि नऊ तासांच्या आत ते जमले, हे खरं. शेवटी 69,320 लोकांनी मिळून 63 लाख 33 हजार डॉलर दिले. कॅम्पेनचं पान अजून आहे, कुणीही उघडून बघावं. तेव्हाच्या भावाने ते साधारण 40 कोटी रुपये होतात, म्हणजे माणशी सरासरी 91 डॉलर, जवळपास पावणेसहा हजार रुपये. आणि आपल्या मेसेजचा हिशोब काय, तर एक लाख गुणिले पाचशे, पाच कोटी! चाळीस कोटींतसुद्धा काम भागलं नव्हतं, सोनी पार्टनर म्हणून मागे उभी होती, नंतर डीप सिल्व्हर पब्लिशर म्हणून आली, आणि तरीही डिसेंबर 2017 ला देतो म्हणालेला गेम नोव्हेंबर 2019 ला हातात पडला. पहिल्या भागाला जाहिरातीसकट 4 कोटी 70 लाख डॉलर लागले असं खुद्द सुझुकींनी सांगितलंय. मग पाच कोटी रुपयांत नेमकं काय बनणार? नुसता आकडा छान दिसतो म्हणून लोक पुढे ढकलतायत, एकाने तरी कॅल्क्युलेटर काढला असता तर तिथंच कळलं असतं.

आता मला सगळ्यात जास्त राग ज्याचा आला ते, नफ्यात हिस्सा. शेनम्यू 3 च्या वेळी असं काही नव्हतं, किकस्टार्टरवर तर अजिबातच नाही. तिथे पैसे देणाऱ्याला कंपनीत शेअर मिळत नाही. दिलेल्या रकमेप्रमाणे गेमची कॉपी, पोस्टर, क्रेडिट्समध्ये नाव असं काहीतरी मिळतं, बस. गल्लीत गणपतीची वर्गणी देतो तसंच समजा, वर्गणी दिली म्हणून मंडळात आपली मालकी होत नाही. पण वर्गणी मागायला आलेली पोरं निदान पावती फाडतात, त्यावर मंडळाचं नाव असतं, खजिनदाराची सही असते, मंडप कुठल्या कोपऱ्यावर पडणार ते आपल्याला रोज दिसतं. या मेसेजखाली कुणाचं नाव आहे? कुणाचंच नाही. कोड स्कॅन केला की एक अनोळखी नाव येतं आणि पैसे थेट त्याच्या खात्यात. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाच्याच कार्डावरून पैसे कापले जात नाहीत. इथे तुम्ही पिन टाकला की पैसे गेले, पुढे गेम होवो न होवो. आणि नफ्यात हिस्सा देतो सांगून लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सेबीकडे नोंदणी लागते, व्हॉट्सअपवर क्यूआर फिरवून ते होत नसतं. भावाला विचारलं, हिस्सा मिळणार हे तुला कुणी सांगितलं, तर म्हणे "मेसेजमध्येच लिहिलंय की."

सेगाला इच्छा नाही म्हणे. अहो, शेनम्यू सेगाच्या मालकीचा आहे. तिसरा भागसुद्धा सेगाकडून परवानगी घेऊनच झाला. त्यांनी हो म्हटल्याशिवाय उद्या शंभर कोटी जमवले तरी त्या नावाने कुणाला गेम काढता येणार नाही. आणि 1999 साली ड्रीमकास्ट या स्वतःच्या कन्सोलवर एवढा खर्च करून काढलेला पहिला गेम, सुमारे बारा लाख कॉप्या खपूनही पैसे निघाले नाहीत, दोन वर्षांत ते कन्सोलच बंद पडलं, मग कंपनी जपूनच पाऊल टाकणार.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाइलाजाने का होईना. लोकांनी पैसे टाकले नसते तर तिसरा भाग आलाच नसता. फॅन्स पुढे आले तरच हे होईल असं सोनीवाल्यांनीही तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे वर्गणीने एवढं होतं, मागणी आहे हे दिसतं आणि मग मोठे पैसेवाले हलतात. वर्गणीतूनच उभ्या राहिलेल्या ब्लडस्टेन्ड या गेमचंही तसंच झालं, 55 लाख डॉलर जमले आणि गेम चांगला निघाला. पण मायटी नंबर 9 या गेमला 38 लाख डॉलर जमूनही लोकांची निराशाच झाली.

मला या सिरीजचं वेड नाही असं समजू नका. 2018 ला पहिले दोन भाग एकत्र आले तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी आणि हाच मामेभाऊ टिळकवाडीतल्या आमच्या घरी रात्रभर खेळत बसलो होतो. घरातला एकेक ड्रॉवर उघडून आतली वस्तू हातात घेऊन फिरवून बघायची, असं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी केलं नव्हतं. जपानमधल्या योकोसुकाच्या बंदरावर गेमचा हिरो र्‍यो फोर्कलिफ्टची नोकरी करतो, तो भाग तर भावाने तीन-तीनदा खेळला, कारण तेव्हा तो स्वतः फोर्कलिफ्ट शिकत होता. हिरोच्या बापाच्या खुन्याचा हिशोब तिसऱ्या भागातही पुरा होत नाही, ते भावाला अजून खातंय. म्हणून तर पोराने विचार न करता पैसे टाकले. अशाच माणसाला हे लोक गाठतात.

काल शिफ्ट संपवून आल्यावर त्याला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला लावला. व्यवहाराचा नंबर, वेळ, स्क्रीनशॉट सगळं दिलं, तक्रार नोंदली गेली. पैसे परत येतील की नाही ते अजून कळलं नाही. ज्यांनी टाकलेत त्यांनी आजच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि ज्यांनी नुसता फॉरवर्ड केलाय त्यांनी तो डिलीट करून त्याच ग्रुपवर तसं लिहा, आमच्या फॅमिली ग्रुपवर तो सकाळपर्यंत होता.