पर्शियनची किडनी बांगड्याने जात नाही

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत मांजरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की कोकणात पर्शियन मांजराची किडनी जाते ती आपण म्हावरं घालतो म्हणून, बाकी पिल्लू कागदवालं असलं, आईबाप धडधाकट असले आणि तोंड चांगलं चपटं असलं की टेस्टबिस्टची गरज नाही. वाचून जीव तुटतो हो.

म्हावऱ्याचं आधी. खारवलेला बांगडा, सुकट रोज घालू नयेच, मीठ फार. पण पर्शियनमध्ये पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज) नावाचा जो आजार आहे तो आईबापाकडून येतो, किडनीत पाण्याचे बारीक फोड जन्मापासूनच असतात, ते वर्षानुवर्षं फुगत चांगल्या किडनीची जागा खात जातात. दोष पीकेडी१ ह्या जीनमध्ये आहे हे २००४ सालीच कळलंय.

आता "आईबाप धडधाकट", इथेच सगळे फसतात. हा दोष आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक पिल्लाला निम्मा धोका, आणि लक्षणं दिसतात साधारण सातव्या वर्षाच्या आसपास, तोवर त्या भाटीची कितीतरी बाळंतपणं झालेली असतात आणि पिल्लं चिपळूण, कुडाळ, मालवण कुठे कुठे गेलेली असतात. कागदावर वंशावळ असते, जीनचा रिपोर्ट नसतो, तो वेगळा मागायचा, आईचा आणि बोक्याचा दोघांचा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून सॅम्पल घेतात, मांजराला काही त्रास नाही. सोनोग्राफी करायची तर दहा महिन्यांनंतर, लहानपणी फोड दिसतीलच असं नाही.

चपटं तोंड म्हणजे अस्सल, हे तर कृपा करून पसरवू नका. नाकपुड्या अरुंद, अश्रूंची नळी वाकलेली म्हणून डोळे सतत वाहतात, दात नीट बसत नाहीत, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या दमट उकाड्यात अशा मांजराला श्वास घेणंच जड जातं.



आणि पीकेडीची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मांजर टाकून द्यायचं नसतं. पीकेडी बरा करणारं औषध नाही, पण लवकर कळलं तर पाणी भरपूर पोटात जाईल असं ओलं खाणं, डॉक्टरांकडून वेळोवेळी रक्त आणि बीपी तपासणं एवढं करता येतं, आणि नसबंदी करून घ्यायची म्हणजे पुढच्या पिल्लांत तो जात नाही.