वेडा शास्त्रज्ञ, थ्री फेजवर

वेड्या शास्त्रज्ञाची कथा लिहायला घेतलीय म्हणता? उत्तम. फक्त तो मराठवाड्यात आणू नका. मी एकदा आणला होता, परभणीजवळच्या एका पडक्या वाड्यात. कथा साभार परत आली, समासात संपादकांच्या अक्षरात एवढंच होतं: ‘वीजबिल कोण भरतं?’

तरी आणायचाच असेल, तर आधी त्याचा पेहराव उरकून घ्या. विस्कटलेले केस, तारवटलेले डोळे, अंगात पांढरा कोट. मे महिन्यात ४२ अंशांत कोट घालून हिंडणाऱ्याला वेडा ठरवायला आमच्याकडे प्रयोगशाळा लागत नाही, तेव्हा व्यक्तिचित्रणाच्या दोन पानांची बचत झाली. ते गडगडाटी हसणं मात्र जपून. मध्यरात्री माणूस एकटाच हसला, की शेजारच्या काकू भिंतीवरून विचारणार, “काय हो, पोराचं जमलं का?”

एकांतातला किल्ला हवा असेल तर देवगिरी आहे. अंधारी नावाचं काळोखं भुयार आहे, वटवाघळं आहेत. फक्त सहलीच्या बस संध्याकाळी गेल्यावर कामाला लागा. कुबड आलेला मदतनीस शोधत बसू नका, मेहुण्याचा पोरगा बीएस्सी करून घरीच बसलाय. तो प्रेतं उकरून आणायला नाही म्हणणार नाही, पण दर आठवड्याला विचारेल, “मामा, पर्मनंटचं काय झालं?”

आता मुख्य अडचण, वीज. तुमच्या डोक्यात जे चित्र आहे, म्हणजे छताला उचललेलं टेबल, ढगांत कडाडणारी वीज, उडणाऱ्या ठिणग्या, ते १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ सिनेमातलं. मेरी शेलीच्या १८१८ च्या मूळ कादंबरीत यातलं काही नाही. तिचा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन डॉक्टर नाही, साधा विद्यार्थी आहे, आणि त्याला मदतनीसही नाही. नोव्हेंबरची रात्र, एक वाजलेला, तावदानावर पावसाची टपटप आणि मेणबत्ती विझायला आलेली. अशा उजेडात त्याने मेलेल्यांचे अवयव जोडून केलेलं कलेवर डोळे उघडतं. वाचलं तेव्हा मी चाटच पडलो. अहो, हे तर आमच्याकडच्या बारावीच्या कुठल्याही पोराचं वर्णन! एवढी वर्षं आपण उगाच त्या विजेच्या नादी लागलो. आकाशातली वीज टेबलावर उतरवणं एक वेळ जमेल, पण शेतीच्या लाइनला थ्री फेज, म्हणजे मोटार ओढणारी वीज, दिवसातले काही तास, तेही बऱ्याचदा रात्री. राक्षसाचा उजवा हात हलला आणि फेज गेला, तर डावा कधी हलेल हे वायरमनला विचारावं लागेल.

हवामान ताब्यात घेणारा शास्त्रज्ञ करू का, असं मनात आलं असेल तर ते आधीच झालंय. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये औरंगाबादहून (तेव्हा हेच नाव होतं) विमान उडालं आणि ढगांत क्षारांची फवारणी झाली. गंमत अशी, की यात ढग आधी हजर असावे लागतात, कोरड्या आभाळातून विमान काही काढू शकत नाही. शिवाय हे सगळं सरकारी. खलनायक टेंडर काढून, गुत्तेदार (आमच्याकडे कंत्राटदाराला हेच म्हणतात) नेमून जग जिंकायला निघाला, तर वाचक पहिल्याच पानावर झोपेल.

बोलणारं जनावर? इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या कादंबरीतल्या डॉक्टर मोरोने १८९६ मध्ये एका बेटावर जनावरांना कापूनकुपून बोलायला लावलं, आणि तिकडचे वाचक हादरले. इकडे पैठणला ज्ञानोबांनी नुसता हात ठेवला आणि रेडा वेद बोलला, असं आजीने आपल्याला पाचव्या वर्षीच सांगितलंय. तुमचं जनावर काय बोलतं, बाराखडी?

इतकं ऐकूनही तुमचा हट्ट असेल, तर निदान एक अस्सल वेडा पाहून या. आमच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्याच्या बाजारामागे, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळा गाव येडा म्हणतो, कारण ते घाई करत नाहीत. जळकी मोटार उघडतात, काळ्या पडलेल्या तारेचे वेढे एकेक करून मोजतात, आकडा खडूने शटरवर लिहितात आणि मगच नवी तार भरायला घेतात. हप्त्याहप्त्याने, म्हणजे अर्धं आज, अर्धं सोयाबीन विकल्यावर, असे पैसे घेतात. शेवटी सिरीजचा बल्ब लावतात, एक टोक वायंडिंगला, दुसरं बॉडीला. बल्ब लागला की संपलं, कुठेतरी करंट बॉडीत उतरतोय. ते न चिडता सगळी तार पुन्हा काढतात. मी पाहिलं त्या रात्री बल्ब दोनदा लागला. मालक बाहेर बाजेवर शिव्या देत होता आणि मिस्त्री अंधारात मोबाइल दातांत धरून वेढे मोजत होते.

तिसऱ्यांदा तार भरताना वेळ जावा म्हणून मी त्यांना व्हिक्टरची गोष्ट सांगितली. दोन वर्षं खपला, मेलेल्या माणसांचे अवयव जोडले, त्यात जीव घातला. मिस्त्री मन लावून ऐकत होते. मग त्याने डोळे उघडले, आणि व्हिक्टर घाबरून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपला.

मिस्त्रींचा हात थांबला.

“आन् ते? ज्याच्यात जीव घातला ते?”

“ते तसंच सोडलं त्याने. नाव पण नाही ठेवलं.”

“करून, तसंच टाकून पळाला?” त्यांनी मोबाइल दातांतून काढला. “मग येडा कुठला हो तो? तो तर गुत्तेदार!”