‘बेरीज-सरासरीचे प्रोग्राम करून काय मिळणार?’

प्रवेश सुरू झाले की एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: बेरीज, सरासरी, मूळ संख्या असल्या फुटकळ प्रोग्रामांत वर्ष घालवू नका. ते सोपे असतात, नोकरीत कुणी विचारत नाही, आता तर एआय ते लिहून देतं. पहिल्या दिवसापासून मोठा प्रोजेक्ट घ्या. मी एफवायची (कॉलेजच्या पहिल्या वर्षाची) प्रोग्रामिंगची प्रॅक्टिकल्स घेतो. हे वाचून मुलं सराव सोडतात, म्हणून लिहितोय.

सोपे असतात? १९८०च्या दशकात येल विद्यापीठात इलियट सोलोवे आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एवढंच करायला दिलं: ९९९९९ येईपर्यंत आकडे वाचा, सरासरी छापा. दहा-पंधरा ओळींचं काम, तरी बऱ्याच जणांचं चुकलं. २००१ साली वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या २१६ नवशिक्यांची प्रोग्रामिंग चाचणी झाली, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण २३च्या आसपास होते.

हाच प्रोग्राम मी सी या प्रोग्रामिंग भाषेत करायला देतो. एका मुलीने १०, २०, ३० दिले आणि शेवटी ९९९९९. स्क्रीनवर आलं २५०१४. ती म्हणाली, ‘सर, कंप्युटर चुकतोय.’ मी कोरा कागद पुढे केला. तिने ‘बेरीज’ आणि ‘किती आकडे आले’ असे दोन रकाने आखले आणि ओळीओळीने ड्राय रन केला, म्हणजे कंप्युटरऐवजी स्वतः कागदावर प्रोग्राम चालवून बघितला. चौथ्या फेरीत बेरीज १०००५९ झाली आणि तिचा पेन थांबला. थांबायची खूणच तिने बेरजेत धरली होती. ते दुरुस्त झाल्यावर १० आणि २५ ची सरासरी १७ आली, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते. मग सुरुवातीलाच ९९९९९ दिला तर शून्याने भागाकार! एका तासात तीन चुका, आणि तिन्ही तिने स्वतः पकडल्या. हीच चूक दोन हजार ओळींच्या प्रोजेक्टमध्ये असती तर नवशिक्याने ती कुठे शोधायची?

नोकरीचं म्हणाल तर कॅम्पसच्या कोडिंग टेस्टमध्ये लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) आणि अटींचे असेच प्रश्न येतात. एवढं पुरे.

एआय लिहून देतं, हे खरंच आहे. पण त्याने दिलेल्या कोडमध्ये ९९९९९ बेरजेत शिरलाय का, हे ज्याने कधी कागदावर रकाने आखले नाहीत त्याला कसं दिसणार? न वाचता चिकटवलेल्या कोडची जबाबदारीही त्याच्याच नावावर राहते.

मेसेजमधला राग मात्र मला समजतो. सीनियरचं जर्नल उतरवायचं, सही घ्यायची, सबमिशन संपलं. याला सराव म्हणत नाहीत, आणि यात आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष मोठा आहे. मोठा प्रोजेक्टही करावा, पण सरासरीचा प्रोग्राम कुठेही न बघता लिहिता आल्यावर. यंदापासून मी जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रामसोबत पेनाने काढलेला ड्राय रनचा तक्ता मागतोय, आणि पहिली चुकलेली आवृत्ती न खोडता तशीच.