४५४ किलोची सवलत जहाजावर चालत नाही

धोकादायक मालाच्या वाहतुकीत काम करणाऱ्यांमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: माल ४५४ किलोच्या आत असेल तर कंटेनरला प्लॅकार्ड (आतल्या मालाचा धोका सांगणारी रंगीत पाटी) लागत नाही. लिमिटेड क्वांटिटी, म्हणजे लहान डब्या-बाटल्यांत थोडा थोडा भरलेला माल असेल तर काहीच लावायचं नाही. माल मिश्र असेल तर ‘डेंजरस’ लिहिलेली एकच पाटी पुरते. टँक रिकामा झाला की पाट्या उतरवायच्या. आणि शंका वाटली तर जास्तीचे प्लॅकार्ड लावून मोकळं व्हायचं. यातल्या काही गोष्टी कुठल्या ना कुठल्या नियमात अर्ध्यामुर्ध्या सापडतात, म्हणूनच नवी मुलं त्यावर पटकन विश्वास ठेवतात. ते थांबावं म्हणून हे लिहितोय.

आधी ४५४ किलो. हा आकडा आला अमेरिकेच्या ४९ सीएफआरमधून, म्हणजे तिथल्या वाहतुकीच्या नियमांमधून. १००१ पौंडांचे हे किलो, आणि सवलत आहे रस्ता आणि रेल्वेसाठी. तिथेही ती सरसकट नाही. धोक्याच्या प्रकारानुसार मालाला १ ते ९ असे वर्ग दिलेले असतात, आणि त्या नियमांत या मालाचे दोन तक्ते आहेत. १.१ ते १.३ गटातली स्फोटकं, विषारी वायू, ओलं झाल्यावर धोकादायक होणारा ४.३ वर्गाचा माल असं सगळं पहिल्या तक्त्यात येतं, आणि ते किलोभर असलं तरी प्लॅकार्ड लागतो. सवलत दुसऱ्या तक्त्याला, तीही बल्क पॅकिंग (टँकसारखं मोठं पॅकिंग) नसेल तरच. शिवाय ४५४ किलो मोजायचे ते डबे-पिंपांसकट, त्या तक्त्यातला गाडीवरचा सगळा माल मिळून. युरोपात रस्त्यावर एडीआर हे धोकादायक मालाचे नियम लागू होतात, तिथली गणितंच वेगळी: पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी) दोनच्या ज्वलनशील द्रवाला साधारण ३३३ लिटरची मर्यादा, ग्रुप तीनला १००० लिटरची.

समुद्रावर आयएमडीजी कोड, म्हणजे धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम चालतात. जहाजांच्या सुरक्षिततेच्या सोलास करारामुळे हा कोड १ जानेवारी २००४ पासून बंधनकारक आहे, आणि त्यात ४५४ किलोसारखी सरसकट वजनाची सूट कुठेही नाही. १.४एस गटातली अगदी कमी धोक्याची स्फोटकं, लिमिटेड क्वांटिटी आणि त्याहून लहान एक्सेप्टेड क्वांटिटी असे मोजके अपवाद सोडले, तर एका पिंपासाठीसुद्धा कंटेनरच्या चारही बाजूंना प्लॅकार्ड हवा. अमेरिकेत देशांतर्गत रस्त्यावर नवव्या वर्गाला प्लॅकार्डची सक्ती नाही. जहाजावर आहे. लिथियम बॅटऱ्यांच्या खोक्यावर बॅटरीचं चित्र असलेलं ९ए लेबल लागतं, पण कंटेनरवर साधा ९ चाच प्लॅकार्ड लावायचा. ही चूक मी अजूनही नेहमी बघतो.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. पेंटचे वीस लिटरचे चौदा डबे, यूएन १२६३ (मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), वर्ग ३ म्हणजे ज्वलनशील द्रव, एकूण वजन ३६४ किलो. बाकी कंटेनरमध्ये साधा माल. शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या माणसाने तोच मेसेज वाचलेला, त्यामुळे बॉक्स चारही बाजूंनी कोरा आला. गेटवरच्या तपासनीसाने कागद हातात घेतला, कंटेनरला एक फेरी मारली आणि गाडी बाजूला लावायला सांगितली. कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी माल आत घ्यायची शेवटची वेळ गेली, जहाज गेलं. कंटेनर नियमानुसार भरल्याच्या पॅकिंग सर्टिफिकेटवर मात्र ‘खुणा आणि प्लॅकार्ड नियमानुसार’ या ओळीखाली सही होती. माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक ती सही होती.

वजनाला समुद्रावर किंमत का नाही, हे डेकवर उभं राहिलं की कळतं. कागद ब्रिजवर असतात आणि धूर समोरच्या थप्पीतून येत असतो. होज हातात घेतलेल्या खलाशाला तेवढ्यात दिसते ती रंगीत चौकटच. समजा आत सोडियम आहे, यूएन १४२८. पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो. पाणी मारायचं नाही हे त्याला निळा प्लॅकार्डच सांगतो, आत शंभर किलो असोत की दहा टन. म्हणून तर प्लॅकार्डला किमान २५० मिलिमीटरची बाजू ठरवून दिलीय, आणि कंटेनर तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहिला तरी खूण ओळखू यावी अशी अट आहे. घरच्या प्रिंटरवर काढून सेलोटेपने चिकटवलेला कागद त्यात बसत नाही.

लिमिटेड क्वांटिटीला वर्गाचा प्लॅकार्ड लागत नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. ‘काहीच नाही’ हे चूक. कंटेनरमधला धोकादायक माल सगळा लिमिटेड क्वांटिटीचाच असेल तर बाहेर वर-खाली काळे कोपरे असलेली लिमिटेड क्वांटिटीची मोठी खूण लागते.

‘डेंजरस’ची पाटी ही अमेरिकेच्या जमिनीवरची सोय आहे. एका प्रकारचा माल एका ठिकाणी १००० किलो किंवा जास्त भरला की तिथेही त्या मालाचा स्वतःचा प्लॅकार्ड लागतो. आयएमडीजीला ती पाटी मान्यच नाही. प्रत्येक वर्गाचा वेगळा प्लॅकार्ड, आणि दुय्यम धोका असेल तर बहुतेक वेळा त्याचाही.

रिकाम्या टँकचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. पेट्रोलचा टँक उपसला की आत वाफ उरते, त्यात हवा मिसळते, आणि अशा टँकजवळ वेल्डिंगची ठिणगी पडली तर तो भरलेल्या टँकपेक्षा लवकर उडतो. टँक धुऊन, वाफ काढून धोका संपेपर्यंत प्लॅकार्ड तसाच राहतो.

आणि धोका खरंच संपला की तो काढायचा किंवा झाकायचा, हाही नियमच. त्यामुळे ‘जास्तीचे लावले तर काय बिघडतं’ याला उत्तर आहे. नसलेल्या धोक्याचा प्लॅकार्ड बेकायदा आहे आणि आग विझवणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेतो. धोका खरा असेल, फक्त वजन मर्यादेच्या आत असेल, तर मात्र अमेरिकेच्या रस्त्यावरही प्लॅकार्ड लावायला परवानगी आहे. म्हणजे जहाजासाठी लावलेले प्लॅकार्ड पुढच्या रस्त्यासाठी खरवडायची गरज नाही.

त्या पेंटच्या कंटेनरला दुसऱ्या दिवशी चार लाल प्लॅकार्ड लागले. दाराच्या बाजूला जुन्या स्टिकरचा डिंक होता, तो आधी घासून काढावा लागला. सर्टिफिकेट नव्याने केलं, आणि यावेळी सही करणारा माणूस स्वतः कंटेनरभोवती फिरून आला.